एक लिटर पंचगंगा

राजाराम बंधाऱ्याच्या खाली, सकाळी सहा चाळीसला,
एकावर एक दोन हातमोजे चढवून
मी एक लिटर नदी भरून घेते.
बाटलीवर मार्करनं: स्थळ चार, नमुना दोन, तापमान तेवीस.
शेजारी म्हशी डुंबताहेत.
त्यांना कसलीच नोंद करायची नाही.

गुंडानाना दगडावर बसून जाळं सांधतात.
"मासं धरनार न्हाईस, नुस्तं पानी न्हेनार?"
पाण्यातच असतं नाना, म्हटलं.
मासा पोहतो ना, तेव्हा अंगाचं थोडं थोडं
मागं सोडत जातो. बुळबुळ, विष्ठा, सुटलेली पेशी.
तेवढ्यावरून आम्हाला त्याचं नाव लागतं.

नाना तंबाखू मळायचे थांबले.
"म्हंजी उधारीच्या वहीगत.
गिऱ्हाईक गेलं, नाव ऱ्हायलं."

विद्यापीठात पाच वर्षं बसून
इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.
फक्त, ही शाई टिकत नाही, मी म्हटलं.
काही दिवस. उन्हाळ्यात त्याहून कमी.

मग त्यांनी यादी दिली, किराण्याची द्यावी तशी:
"मरळ बघ. वाम बघ.
आन् खडशी.
भूकंपाच्या सालात माझ्या बानं धरलीती,
खवला एकेक चांदीच्या रुपयाएवढा."

गाळणकागद तांबूस होतो, मळीच्या रंगाचा.
उणे वीसवर रात्रभर.
दुसऱ्या दिवशी यंत्र घोकत बसतं,
एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ,
अंगणवाडीच्या खिडकीतून ऐकू यावं तसं.
पुढचं काम पुण्यात. पुढचे सात आठवडे
नुसती वाट बघणं.

निकाल आला, तो तक्ता होता.
म्हैस, अर्थातच. प्रत्येक ओळीत म्हैस.
शेळी: कुठंतरी रश्श्याचं पातेलं विसळलं असणार.
चिलापी ढिगानं.
मरळ बेताची. वाम एकाच बाटलीत.
प्रयाग चिखलीच्या नमुन्यात, दोनदा तपासून घेतलं,
पाणमांजर.
खडशीच्या रकान्यात शून्य.

आणि जी बाटली कोरी ठेवायची असते,
नदी न पाहिलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्याची,
तिच्यात माणूस.
म्हणजे मी.
दोन हातमोजे, मास्क, केसांवर टोपी,
तरी मी कुठूनतरी पडलेच होते त्यात.
"ती ओळ वगळायची," सर म्हणाले, "सगळेच वगळतात."
मी वगळली.

नानांना शून्याचं सांगायला गेले, तेव्हा
शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दारात मांजर झोपलेलं.
शून्य म्हणजे नाही असं नव्हे, नाना.
सापडली नाही, एवढंच.
"मग आमी तरी येगळं काय म्हंत हुतो गं?
घावली न्हाई म्हंतो. न्हाई असं कवा म्हनलो?"

आत गेले. पत्र्याचा तंबाखूचा डबा घेऊन आले.
डब्यात मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा,
तुकड्यात तो.
खवला. पिवळट, कडेनं नखासारखा,
उजेडात धरला की आत बारीक कडी दिसत,
एकात एक.

मला बोलवत नव्हतं.
जुन्या खवल्यातूनही आता वाचता येतं, शेवटी म्हटलं.
मिळालं तर नानांच्या खडशीचा पत्ता आमच्याकडे राहील,
पुन्हा कधी पाण्यात आली तर ओळखायला.
पण नाना, कोपरा कापावा लागेल.

बराच वेळ त्यांनी तो तळव्यावर
इकडून तिकडं फिरवला.
मांजर उठलं, अंग ताणून पुन्हा निजलं.

"हिकडनं काप," ते म्हणाले.
"तिकडं बाचा हात लागलाय."

मी पिशवीतून नवी जोडी काढली,
एकावर एक, दोन्ही हातांत,
आणि त्यांनी बोट ठेवलं होतं
त्याच्या बरोबर समोरून
कात्री लावली.