लोकांना दिसेल अशा जागी

अंबाजोगाईच्या कोर्टात
तेवीस वर्षं मी जबान्या टाईप केल्या.
शिवी जशीच्या तशी लिहावी लागते.
फुल्या चालत नाहीत,
फुली मारली की गुन्हा उभा राहत नाही.

चतुराबाई साबळे, वय एकावन्न, धंदा मजुरी.
हापशावरची घागर कुणी लाथाडली
आणि काय बोलून लाथाडली
ते तिला साहेबांपुढं म्हणायचं होतं.
पदर तोंडाला लावून थांबली.
वकील म्हणाले, मोठ्यानं.
ती बोलली.
मी टाईप केलं.

तो शब्द मला जुना ओळखतो.
चौथीत हजेरीला यायचा,
माझ्या नावाच्या जागी.
बोटं अडखळली नाहीत.
मिनिटाला चाळीस शब्द, त्यातला तो एक.

"कायद्यात लिहिलंय बाई,
लोकांना दिसेल अशी जागा पाहिजे.
तिथं किती लोक होते?"

"पाणी भरायला सतरा-अठरा बाया होत्या.
आता तुम्ही इचारायलात
तर मी एकलीच होते."

साक्षीदार आल्या.
एकीला त्या दिवशी ताप होता.
एकीचं तोंड लातूरच्या रस्त्याकडं होतं.
एकीला तर हापसाच आठवेना.
मग केशर आली, न्हाव्याची सून,
म्हणली, ऐकलं.
पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणली,
ऐकलं म्हणलं की.

सहा महिने कैद, पाचशे दंड.
अपील औरंगाबादला पडून आहे.
शब्दही आहे, रेकॉर्ड रूममध्ये,
लाल कापडाच्या बस्त्यात, नंबर घालून.
वाळवी लागू नये म्हणून
डांबरगोळ्या मीच ठेवल्या.

रिटायर झाल्यावर चतुराबाई भेटली,
स्टँडवर, धारूरच्या गाडीची वाट बघत.
ओळखलं तिनं. "टकटक करणारी बाई."
म्हटलं, हापशावर आता कसं?

"आता कुणी काई म्हणत नाही.
माझा नंबर आला की समद्या गप.
केस करील म्हणतेत.
घागर भरूस्तोर
नुसता हापसा करकरतो."

आणि केशर?

"तिच्या सासऱ्याकडं वरीसभर
कुणी दाढीला गेलं नाही.
तालुक्याला दुकान टाकलं पोरानं."

गाडी लागली. ती उठली, पिशवी घेतली,
पायरीवर चढून मागं वळली.

"ती तेवढी बोलती.
घागर उचलू लागती."