साठ-चाळीस

वेंडेल स्ट्रूपनं किल्ली दिली ती
डायनरमध्ये, अंड्याच्या बशीशेजारी सरकवून.
करार कागदी रुमालावर लिहिलेला:
साठ माझे, चाळीस तुझे.
डिझेल माझं, टायर माझे, झोप तुझी.
"आणि रोनेट, रिकाम्या मैलांचे पैसे कुणी देत नाही.
उगाच हिंडू नकोस. बसायला शीक."

बसायला!
तेवीस वर्षं बसलेच होते मी,
ओहायोतल्या त्या शेडमध्ये,
मोटारींच्या सीटची कव्हरं शिवत,
उजव्या पायाखाली मशीनचं पेडल.
शेड बंद झाली, तरी रात्री झोपेत
पाय चादर दाबत राहायचा.

ट्रक पांढरा, पेटी बावीस फुटी.
केबिनमागं बिछाना, आणि झोपलं की डोळ्यांसमोर छत.
छतावर आधीच्या ड्रायव्हरनं पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा.
मोजल्या. एकेचाळीस.
कशाच्या, ते वेंडेललाही ठाऊक नव्हतं.

तीन दिवस एकही लोड नाही.
फोर्ट वेनच्या अलीकडे, ट्रक स्टॉपच्या कडेला मी
आणि शेजारी रात्रभर घरघरणारा
कुणाच्या तरी कोंबड्यांचा फ्रीजर.
फोन छातीवर. दर तासाला बघायचं,
वाजला असून ऐकू आला नाही, असं तर नाही?
पलीकडच्या गाडीतली म्हातारी अर्डिथ म्हणाली,
"वाट बघतेस तोवर यायचा नाही, पोरी.
जा, अंघोळ कर."

रात्री सव्वादोन. केसांना साबण.
फोन किंचाळला.
फोर्ट वेन ते मर्फ्रीसबरो. अकराच्या आत.
फेसाळ अंगठ्यानं दाबलं: हो.

गोदामाच्या धक्क्याला ट्रक लावायला
मला चार खेपा लागल्या.
फोर्कलिफ्टवाला जांभई देत बघत राहिला,
मग फोर्कलिफ्ट तिथंच ठेवून
खोका काखेत मारून घेऊन आला.
एकच खोका. वीस पौंड.
"एवढंच?"
"एवढंच. कारखाना बंद पडलाय याच्यावाचून."
कागदावर वाचलं: शिलाई मशीनच्या सुया.

मी तो दोन पट्ट्यांनी आवळला,
उठून पळणारं पोर असल्यासारखा.
दार लावलं. त्याच्याभोवती
बावीस फूट अंधार.

सुया संपायच्या तेव्हा आमच्याकडेही.
ओळीच्या ओळी मांडीवर हात ठेवून गप्प.
सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा, आम्ही त्याच्याकडे,
आणि मग कुणीतरी सुरुवात करायची:
कुठं मेला तो ड्रायव्हर!
हसत हसत आम्ही सगळ्या त्याच्या सात पिढ्या काढायचो.
त्याला नाव असेल, लघवी लागली असेल,
लुइव्हिलच्या पुलावर त्याच्या काचेत
सूर्य असा सरळ घुसला असेल
की शंभर यार्ड नुसतं पांढरं,
हे कधी डोक्यात आलं नाही.
मला ते आत्ता आलं, त्याच पुलावर,
डोळे किलकिले करून.

नॅशव्हिलला ट्रॅफिक. मी मोठ्यानं बोलत होते,
खोक्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

दहा बावन्न.
रिसीव्हिंगच्या माणसानं सही केली,
वर न बघता. खोका नेला.
अर्ध्या उघड्या दारातून त्या दिसल्या.
तीस-चाळीसजणी, मांडीवर हात.
एकीनं मान वळवली
आणि माझ्याकडे असं बघितलं
की मला तिची शिवीसुद्धा ऐकू आली.
आमचीच होती ती. शब्द न् शब्द.

पायऱ्या उतरेपर्यंत मागं
एक मशीन सुरू झालं, मग दुसरं,
मग मोजता येईनात इतकी.
उजवा पाय काँक्रीटवर आपसूक दाबला गेला.

वेंडेलचा फोन: "टायरांना हात लावून बघितलंस?"
"बघितलं."
"आता काय करणार?"
"बसणार."
तो हसला. मग डिझेलचा हिशेब विचारला.

केसांत साबण वाळून कडक झालेला.
आडवी झाले ते डोकं खाजवतच.
रेघांचं कोडं काही सुटलं नाही.
पेन्सिल मात्र सापडली, गादीच्या फटीत,
दातांनी चावलेली.