दर्शनी बाजू

टेपचं शून्य दस्तगीरच्या अंगठ्याखाली,
आकडे माझ्याकडे.
साताऱ्यात, सदर बझारच्या उतारावर
हे घर शाळेच्या फोटोला उभं राहावं तसं उभं:
हात बाजूला, भांग मधोमध.
वर पाच खिडक्या, खाली चार आणि दार,
दारावर अर्धगोलात उघडलेला काचेचा पंखा,
त्याची तिसरी पाकळी आता पत्र्याची.

पाडण्याआधी नोंद हवी, असं खात्याचं पत्र.
एकास पन्नास. सर्व बाजू.

भिंत खरवडली तर आत काळा दगड,
आपलाच, टाकीच्या घावांसकट.
त्यावर चुना.
चुना ओला असताना त्यावर ओढलेल्या रेघा,
दगड वाटावेत म्हणून.
दस्तगीर हसला,
म्हणाला, सोन्याला पितळेचा मुलामा.

नकाशा कुठल्यातरी पुस्तकातून आला असणार,
जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं
आणि त्याला दिवाणखान्यात बसवतात.
म्हणून मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला.
इथला चैत्र त्या पुस्तकात नसावा.
दोन-तीन उन्हाळ्यांनंतर कुणीतरी हार मानली,
पुढे सागवानी खांबांची पडवी ठोकली
आणि इतकी जपलेली सममिती
कौलांच्या सावलीत गेली, ती गेलीच.

शेकोटीच्या कोनाड्यात कालव्याच्या फायली,
सुतळीनं आवळलेल्या.
धुराड्यात पारवे.

वरच्या मजल्यावर डावीकडून दुसरी खिडकी
बाहेरून आहे, आतून नाही.
मी तीनदा मोजलं.
बाहेर चौकट, पट्टी, काचांच्या जागी काळा रंग;
आत सलग भिंत, एक खुंटी,
खुंटीवर कुणा कारकुनाची विसरलेली छत्री.
पाचाचा आकडा भरावा म्हणून उभी केलेली,
पूजेला बायको नसली की
कमरेला सुपारी खोचतात, तशी.

उजव्या टोकाची मात्र अजून चालते.
एका बोटानं वर सरकते,
सोडाल तिथे थांबते.
दस्तगीरला राहवेना. त्यानं बाजूची फळी काढली.
चौकटीच्या पोटात, अंधारात, दोरीला टांगलेलं
बिडाचं लांबट वजन, घंटेच्या लोलकासारखं.
हे डावीकडे.
उजवीकडे वरवंटा.

मधोमध खाच पाडलेली,
काथ्याचे तीन फेरे, वर गाठ.
कुणी, कधी, काही नोंद नाही.
मूळचं तुटलं असेल; नवं बोटीनं यायला सहा महिने,
आणि साहेबाला वारा आजच हवा.
दस्तगीरनं तो तळहातावर तोलला,
अंगठा फिरवला.
एक बाजू गुळगुळीत, जराशी सपाट.
"वापरातला होता."
मग बराच वेळ कुणी टेप धरली नाही.
त्या रात्री, त्या घरात
मिरची कशावर वाटली असेल?

संध्याकाळी कागदावर तपशील क्रमांक सात:
दोन वजनं, दोन्हींची लांबी वेगळी.
वरच्या साहेबांनी उजव्यापाशी पेन्सिलीनं
प्रश्नचिन्ह काढलंय.
"दगड, घासलेला," एवढंच लिहून
मी ते खोडरबरानं पुसलं.
प्रश्नचिन्ह. दगड नाही.