नख

कडुलिंबाखाली गाडी घेतली, बोनट निवू दिलं.
आधी धूळ धुतली, नाहीतर मातीच घासते.
जुन्या बनियनचा बोळा, बोटभर टूथपेस्ट,
गोल गोल, हलक्या हातानं.

पांदणीतल्या बाभळीचे ओरखडे गेले.
पऱ्हाटीचे गेले.
बकरीच्या शिंगाचा अर्धाच गेला.

मग मागच्या दाराच्या मुठीपाशी
बारीक बारीक, एकावर एक
बांगड्यांचे.
वच्छला, रेशमा मडावी, मोघ्याची सून.
कळा दाबत अंधारात चाचपलेलं दार,
आर्वीच्या दवाखान्यापर्यंत खड्डेच खड्डे.

रज्जाक पेंटर म्हणते, नख फिरवून पाह्य,
अडकलं तं निघत नाही.
फिरवलं.
नाही अडकलं.

बोळा बादलीत टाकला.
बायको म्हणे, तेवढं काऊन ठेवलं?
म्हटलं, पेस्ट संपली.