काठ

पहाटेचे तीन दहा. ओस्त्रावाच्या कडेला
टायरच्या जुन्या गोदामात तीन टेबलं,
मध्ये निळे पडदे, प्रत्येकाच्या डोक्यावर कॅमेरा.
प्रेक्षकांसाठी एकही खुर्ची नाही.
दोन नंबरच्या टेबलाची पंच मी.
थर्मासमध्ये चहा, गुडघ्यांवर घोंगडी,
हाताशी आकड्यांच्या पाट्या. पंधराच्या पुढच्या
अजून कोऱ्या करकरीत.

भाचा ओंद्रा म्हणतो, मावशी, तू पाटी उलटतेस
तेव्हा कुठेतरी भाव उलटतो.
भाकितांचा बाजार म्हणे.
श्मेर्दा जिंकेल का? एवढाच प्रश्न.
'होय' विकत घ्या, नाहीतर 'नाही' घ्या.
शंभर सेंट म्हणजे पुरती खात्री.
घेतं कोण पण?
ज्यांना झोप नाही ते, म्हणाला.
हॅलिफॅक्सचा एक बर्फ उपसणारा,
मनिलात दोन फोनांच्या मधे कुणी बाई,
आणि पुष्कळशी यंत्रं.

त्यांना श्मेर्दा वरून दिसतो:
टक्कल, एक खांदा, हात.
इथून तो सेहेचाळीस वर्षांचा आहे,
डाव्या गुडघ्याला पट्टा,
पाचला आठ नंबरची ट्राम काढायची म्हणून
गणवेशाची पँट पिशवीत घडी घालून तयार.
सर्व्हिसआधी टेबलावर तळहात फिरवतो,
इस्त्री नीट बसलीय का बघावी तसा.

तर, पाचवा गेम. दहा-नऊ, श्मेर्दा पुढे.
समोर मातौश, एकोणीसचा, दात अजून तारेत.
मातौशचा फटका लांब गेला.
मी पाहिला, लांब.
कॅमेऱ्यानेही पाहिला, लांब.
माझा हात पाटीवर. भाव म्हणे तेव्हा सत्त्याण्णव.

श्मेर्दाने बोट वर केलं,
मग ते टेबलाच्या काठावर टेकवलं, हलकेच,
आणि म्हणाला, लागला.

मला काही ऐकू आलं नव्हतं.
पडद्यापलीकडे त्याच वेळी कुणीतरी
स्वतःलाच शिव्या देत होतं.
मी दहा-दहाची पाटी लावली.
पुढचे दोन्ही गुण मातौशचे, दोन्ही अगदी साधे.
श्मेर्दाने हात मिळवला, गार आणि ओला,
ट्राम चुकेल म्हणाला, आणि गेला.

गुरुवारी पत्र आलं. चौकशी.
त्याच मिनिटाला कुणीतरी तीन सेंटांनी
'नाही' घेतलं होतं, पोतंभर.
प्रश्न पहिला: खेळाडूने स्वतःहून गुण का सोडला?
उत्तरासाठी चार ओळी.

मी पंचाच्या परीक्षेत काठावर पास झालेली बाई.
नियम पाठ आहे: वरच्या कडेला लागला तर चेंडू खरा,
बाजूला लागला तर खोटा.
दोन्हींच्या मधे केसाएवढी जागा.
त्या जागेबद्दल पुस्तक काही बोलत नाही.

दुपारी रिकाम्या गोदामात जाऊन
काठावरून बोट फिरवून आले.
पांढरा रंग वीस ठिकाणी उडालेला.
यातला कुठला कुठल्या रात्रीचा?

येताना आठ नंबर पकडली, मुद्दाम.
काचेपलीकडे त्याची पाठ.
दोन थांबे मी तोंड उघडलं नाही.
तिसऱ्यावर एक म्हातारी पिशव्या सांभाळत पळत आली,
त्याने दार धरून ठेवलं,
मागचा माणूस घड्याळ बघून चुकचुकला.
श्मेर्दाच्या पायांत नवे बूट होते.
नवे बूट कुणीही घेतं.

आरशात त्याने मला पाहिलं असावं.
उतरताना घंटी एकदा जास्तीची वाजली,
की नेहमीच तशी वाजते, मला माहीत नाही.

रात्री पहिल्या ओळीत लिहिलं:
मला ऐकू आलं नाही.
बराच वेळ बघत बसले. खरं होतं,
आणि त्याच्यावर उलटणारं होतं.
मग खाली लिहिलं: पण तो टेबलाजवळ होता,
मी खुर्चीत.
उरलेल्या दोन ओळी तशाच ठेवून
पाकीट चिकटवलं.

आज तीन दहाला पुन्हा दोन नंबर.
श्मेर्दा तळहात फिरवतो आहे.
भाव किती, ओंद्राला मी विचारलेला नाही.
पाट्या शून्यावर आणते.
शून्य-शून्य. सर्व्हिस.