काथ्या

पास्कू ब्रिटो जहाजावर परत जायच्या आधीचा आठवडा.
उभादांड्याला त्याच्या पडवीत दोन पिल्लं,
दोन्ही राठ केसांची.
एक श्नाउझर, मिठागराच्या बांधावरच्या चिखलासारखा राखाडी,
बसल्या जागी पावत्या तपासणारा कारकून.
दुसरा फॉक्स टेरियर, पांढरा, पाठीवर तपकिरी डाग.
त्याला बसलेला मी पाहिलाच नाही.

पास्कू म्हणाला, "हो धावतलो, तो भुंकतलो.
तुका खयचो परवडता तां बघ."

आम्हाला राखणीला कुत्रा नको होता.
राखण्यासारखं आहे काय,
सोडणांचा ढीग, अकरा माड, एक सायकल.
कुत्रा हवा होता सिंधुराच्या हातासाठी.

सिंधुरा नऊ वर्षांची. मऊ काही तिला सोसत नाही.
मावशीनं आणलेलं कापसाचं अस्वल विहिरीत गेलं.
गोधडी, मांजर, आईचा गाल,
सगळ्यावरून हात मागे, चटका बसल्यासारखा.
फक्त मी विणलेल्या पायपुसण्यावर
तळवा टेकून ती झोपते.
सकाळी गालावर काथ्याचे वळ.
वाडीत बोलतात, पोरीला उंबऱ्यात निजवतात म्हणून.

कुडाळच्या केळुसकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दोन्हींचा मेलेला केस आपण गळत नाही,
बोटांनी उपटावा लागतो, चिमूट चिमूट.
मशीन फिरवाल तर हळूहळू मऊ होत जाईल.
"मऊ?" बायकोनं विचारलं.
"मऊ."
मी माझी बोटं पाहिली.
खाडीत कुजवलेल्या सोडणातून तीस वर्षं धागा ओढलेली,
नखं वाकडी, वास न जाणारा.
कुणी त्यांना कामावर घेत होतं.

रविवारी सिंधुराला नेली.
श्नाउझर स्वतःहून आला आणि उभा राहिला,
इतका शहाणा की मला लाज वाटली.
तिनं शेपटीपासून सुरुवात केली, पाठीवरून मानेपर्यंत,
डोळे मिटून, ओठ हलत होते, मोजत असावी.
मग हात दाढीवर गेला.
दाढी त्यानं नुकतीच पेजेत बुडवलेली.
"ओलं," ती म्हणाली, आणि हात फ्रॉकला पुसत राहिली,
पुसत राहिली, घरी येईपर्यंत.
टेरियरच्या पाठीवर तिचा हात चार आकडे टिकला.
पाचव्याला कुत्राच नव्हता,
कुर्लीच्या बिळात डोकं, मागून वाळूचा फवारा.

रात्री बायको म्हणाली, तोच घ्या, राखाडी.
थांबतो तरी. दाढी मी पुसेन.
मी म्हटलं, दिवसातून किती वेळा?
ती म्हणाली, तू तिला किती वेळा पुसतोस?
यावर मला बोलता आलं नाही.
समुद्र चालू होता. सुरूच्या बनात वारा.
पायपुसण्यावरून एक आवाज आला, झोपेतला की जागा, कळलं नाही:
"पाच."

टेरियर आणला.
त्यानं अळूचा वाफा उकरला, शेजारच्या चव्हाणांची अंडी फोडली,
त्याचे पैसे अजून द्यायचे आहेत.
सिंधुरा त्याच्यामागे बनाच्या पलीकडे जाते आता,
तिकडे ती कधी गेली नव्हती,
आणि आम्ही दोघं तिच्यामागे, धापा टाकत.
परवा हात अकरापर्यंत पोचला.
काल पुन्हा सहा.

कातरवेळी त्याला मांडीवर दाबून धरतो,
मेलेला केस चिमटीत ओढतो, वाढीच्या दिशेनं, झटक्यासरशी.
ती केस गोळा करते चहाच्या डब्यात.
त्याचा दोर वळ म्हणते.
सांगितलं, होत नाही, लांबी पुरत नाही.
ऐकत नाही. वळून बघतोय.

राखाडी सावंतवाडीला गेला, कुणा दातांच्या डॉक्टरकडे.
पास्कू बोटीवरून त्याचा फोटो पुढे पाठवतो,
गाडीत मागच्या सीटवर, सरळ बसलेला.
बायको फोटो मोठा करून बघते.
"शहाणा होता हो," म्हणते,
आणि फोन उलटा ठेवते.