दोनशे पंचेचाळीस

सेगेडच्या दफनभूमी कार्यालयात
रेडिएटर फक्त डावीकडून तापतो.
उजवीकडे मी, आणि तेवीस वर्षं जुना सी प्रोग्राम.
'याला हात लावू नये' अशी वरच टीप लिहून
योझीबुवा निवृत्त झाले.

सकाळी पाथरवट ओदोन आला. म्हणाला,
येनोच्या शेवटच्या ओवर लाट आलीय.
तुमच्या कागदावर होती, तशीच कोरली.
बाई रडली नाही. एवढंच म्हणाली,
हा माझा नवरा नव्हे.

आमच्या त्या ओवर दोन तिरक्या रेघा असतात,
एका दमात ओढलेल्या.
लाटेचा ओ एस्टोनियातला.
तिकडे तो सुखानं नांदतो,
इथे मेलेल्यांच्या नावात शिरतो.

आतली बाइट छापून पाहिली.
उणे अकरा.
अक्षर शून्याखाली कसं जाईल?
मग आठवलं, या खणाला अधिक-उणे चिन्ह असतं,
एकशे सत्तावीसच्या पुढे गेलं
की तो सरळ कर्ज दाखवतो.
चिन्ह काढलं. दोनशे पंचेचाळीस.
म्हणजे येनो आत धडधाकट होता.
वाचणाऱ्यानंच भलता तक्ता धरलेला,
लॅटिन एक. हवा होता दोन.

एकाच्या जागी दोन केलं
तर प्रोग्राम कुरकुरला, जागा पुरत नाही.
खरंच की. यूटीएफ-आठमध्ये
त्या रेघांच्या ओला दोन बाइट लागतात.
बफर चौपट केला,
सरकारी कंजूषपणा किती करायचा!

आता चूक नाही, तक्रार नाही,
आणि छापलं तर कोरं.
आंद्रिश जेवायला बोलावून गेला,
सूप थिजलं असणार.
दुपारी तीनला दिसलं:
रूपांतर करत पॉइंटर ओळीवरून चालत जातो,
आणि तो जिथे थांबला
तिथूनच मी वाचायला बसले होते.
सुरुवात कुठे होती
ते निघण्याआधी लिहून ठेवायचं असतं.
दफनभूमीत नोकरी करून
एवढं कळू नये?

योझीबुवांच्या टिपेखाली लिहिलं,
हात लावला. एमोके.
माझ्याही नावात तोच ओ आहे,
पण तिथे मी साधाच ठेवला, बिनरेघांचा.
उगाच जोखीम नको.

ओदोन अजून बाहेर थांबलाय.
लाट बुजवता येत नाही म्हणतो,
अख्खा दगड दोन मिलिमीटर उतरवावा लागेल.
नवा कागद हातात धरून
अंगठ्यानं त्या दोन रेघा चाचपतोय,
शाई बोटाला लागत नाही तरी.